तांदळावरचं नाव

या, जरा पुढं सरकून बसा. टाळ मांडीवरच राहू द्या. आज निरूपणाला अभंग नाही, एका मुलीचं नाव घेतलं आहे.

कशेळ्याच्या सहदेव आणि जनीची थोरली लेक सातव्या महिन्यातच जन्मली. कापसात गुंडाळून ठेवलेली. सहदेव देवळात मृदंग वाजवायचा. कीर्तन आटोपून बुवा घरी आले, पोरीची वळलेली मूठ पाहून म्हणाले, "ही हरायची नाही. जयवंता ठेवा. जिंकलेली." आसपासच्या गावांत दुसरी जयवंता कुणाला ठाऊक नव्हती. शाळेत हजेरीला पोरं हसायची. तिचं "हजर" मात्र व्हरांड्यापर्यंत ऐकू यायचं.

चौकच्या किशोरशी लग्न लागलं. लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट आलं. सासू पारूबाई म्हणाल्या, "जयवंता? बाईचं नाव हाय का लढाईतल्या घोडीचं? सुरभी लिव रं, किशोर."

सगळा हॉल हसला. किशोरनं अंगठीनं तांदळावर 'सुरभी' लिहिलं.

जनीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "बोला की वो!"

"गप गं. रीत हाय. नावानं काय अंगाला भोकं पडतात?"

मग आधार कार्डावरही सुरभी आली. माहेरच्या फोनवर "जया गं" ऐकू आलं की पारूबाई फोन काढून घेत. "हितं जया कोण नाय."

तिसऱ्या वर्षी, आठवा महिना चालू असताना, ती तापानं फणफणली. सासरहून निरोप नाही, शेजारणीनं कळवलं. सहदेव आणि जनी जीप बदलत शहरातल्या दवाखान्यात पोचली.

"जयवंता. माझी लेक. पोटुशी हाय."

"या नावाचं कुणी नाही, मावशी."

नवं नाव दोघांनाही ठाऊक होतं. पण जनीनं ते कधी जिभेवर घेतलंच नव्हतं, आणि त्या धास्तीत तोंडात आलं ते बारशाचं. वॉर्डावॉर्डांतून हाका मारण्यात तास गेला. मग सहदेवच ओरडला, "अगं, सुरभी! सुरभी म्हण!"

खाट वरच्या मजल्यावर होती. लेकीचा श्वास थांबला होता; पोटातलं लेकरूही गेलं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "सारखी सांगत होती, मी जयवंता हाय. नर्सबाई म्हणाल्या, तापात बरळतेय."

दाखल्यावर सुरभी वारली. जयवंता गेल्याचा कागद कुठंच नाही.

गेल्या वैशाखात धाकट्या अपेक्षाचं नेरळला लग्न झालं. ताट आलं. भटजींनी विचारलं, "नवं नाव काय ठरलंय?"

सहदेवनं मृदंगाचा तो रुंद तळवा तांदळावर ठेवला. "लिवायचं नाय."

"अवो, रीत हाय," कुणीतरी म्हणालं.

"रीत म्हणून गप बसलो, एक लेक घालवली. हिला हिच्या आयनं हाक मारली, तर हिला ओ देता यायला पायजे."

कुणी हसलं नाही. नवरामुलगा योगेंद्र यानं अंगठी अपेक्षाच्या हातात दिली. तिनं लिहिलं, 'अपेक्षा'. जनी तोंडाला पदर लावून थोरलीला हाक मारत राहिली.

मायबाप, तुमच्याही घरी ते ताट येईल. अंगठी टेकवण्याआधी थांबा, आणि कशेळ्याच्या जयवंताचं नाव एकदा मोठ्यानं घ्या. ती ओ द्यायची नाही. तरी घ्या.