बत्तीस भोकांची चूल

मी दात बनवतो. दाताचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर माप घेतो, नाव कमावतो आणि कवळी मी बनवतो. बेचाळीस वर्षं हेच चाललंय. माझ्या टेबलावर स्पिरिटचा दिवा असतो, त्यावर मेण वितळतं, आणि त्या मेणात एकेक दात बसवताना माझा हात कधी हललेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी बरीच शोभा व्हायची आहे.

माझी लेक फिजिओथेरपिस्ट आहे. दरवर्षी दोन मैत्रिणींबरोबर चार दिवस डोंगरात चालायला जाते, पाठीवर बिऱ्हाड घेऊन. यंदा दोघीही गळाल्या. एकीचं लग्न, दुसरीचं बाळंतपण. मी म्हटलं, मी येतो. तिनं माझ्या तोंडाकडे नाही, गुडघ्यांकडे बघितलं.

"पाठीवर सहा किलो," ती म्हणाली. "वर एक ग्रॅम जरी गेला तरी तू घरी. शनिवारी निघायचं, शुक्रवारी संध्याकाळी मी वजन करणार."

पिशवी भरून काट्याला लावली तर सात किलोच्या वर. मग मी कापाकापीला बसलो. टूथब्रशचा दांडा अर्धा केला, टॉवेलचा रुमाल केला, पट्ट्यांची लोंबणारी टोकंसुद्धा छाटली.

"दात कोरून पोट भरत नाही हो," बायको म्हणाली. ही म्हण कवळीवाल्याला, त्यातही ज्याची स्वतःची बत्तिशी घरच्या बनावटीची आहे त्याला ऐकवताना तिला भलताच आनंद झाला.

पण तिचं खरं होतं. पिशवीतली खरी धोंड होती ती गॅसची शेगडी आणि तिचा सिलिंडर, मिळून किलोभर. लेकीचा नियम असा की प्रत्येकाची चूल वेगळी, आणि ज्याची त्यानं वाहायची. एक बिघडली तर दुसरी हवी. त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

मला जायचं का होतं तेही सांगतो. लेक नऊ वर्षांची असताना म्हणायची, बाबा, आपण डोंगरावर जाऊ. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. टेबलावर कवळ्यांचा ढीग असायचा, गावभरची बोळकी तोंडं जेवायची थांबलेली असायची. असं मी सात-आठ वर्षं म्हटलं. मग तिनं विचारणं सोडलं, आणि सोडलंय हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. आता आलंय, आणि ते मला टोचतं.

तर चूल. गॅसची शेगडी काढून स्पिरिटवर चालणारी हलकी चूल घरीच बनवायची असं मी ठरवलं. शीतपेयाचे दोन रिकामे डबे घ्यायचे. (रिकामे करायचं काम बायकोनं आणि मी मिळून केलं; दिवसभर घरात ढेकरांशिवाय संभाषण नव्हतं.) दोन्हींची बुडं कापायची, एक उलटं करून दुसऱ्यात दाबून बसवायचं, आत पत्र्याचं एक कडं ठेवायचं आणि वरच्या काठाला बारीक भोकं पाडायची. मधल्या खळग्यात स्पिरिट ओतून पेटवलं की तापून त्याची वाफ होते, ती भोकांतून बाहेर पडते आणि भोकाभोकाला ज्योत लागते. वजन बारा ग्रॅम. कवळीहून हलकी.

मी ती बनवली कशी म्हणता? कड मेण कोरायच्या सुरीनं वळवली, भोकं दाताच्या ड्रिलनं पाडली, वर पॉलिशही केलं. पॉलिशची गरज नव्हती, पण माझ्या हातून काही बिनपॉलिशचं बाहेर जात नाही.

गुरुवारी दुपारी गच्चीत परीक्षा. दोन कप पाणी, दोन झाकणं स्पिरिट, लेकीच्या हातात घड्याळ. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही, म्हणून मी आडोशाला पुठ्ठा धरला. चूल अशी काही पेटली की मी बायकोकडे विजयी नजर टाकली. ज्योती भांड्याच्या बाजूंनी वर चढल्या, कडीपर्यंत गेल्या, आणि चार मिनिटांत सगळं थंड.

बायकोनं पाण्यात बोट बुडवलं. "आंघोळीला ठीक आहे."

चूल निवल्यावर लेकीनं ती उचलली आणि काठावरून नख फिरवत भोकं मोजली. "बाबा, बत्तीस का?"

मी मोजलीच नव्हती. हाताला सवय, तोंड भरेपर्यंत थांबायचं नाही. एवढी भोकं म्हटल्यावर स्पिरिट भसाभस जळून जाणारच. लेक इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. मग तिनं डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे बाबा. पुढच्या वर्षी जाऊ."

टोमणा असता तर परवडला असता. ती अगदी मायेनं म्हणाली, मी म्हणायचो तसंच. मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी डॉक्टरला फोन केला. "तुमच्या तीन कवळ्या पुढच्या गुरुवारी मिळतील."

"अहो, पेशंट खातील काय?"

"पातळ," म्हटलं आणि फोन ठेवला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पुन्हा दोन डबे, पुन्हा ढेकर. या वेळी भोकं मोठ्यानं मोजत पाडली. सोळा. फक्त वरचा जबडा. बायको शेजारी बसून माझ्याबरोबर मोजत होती, आणि सोळावर तिनं ड्रिलची वायरच काढून घेतली.

संध्याकाळी पाणी सातव्या मिनिटाला उकळलं. लेकीनं घड्याळ खिशात टाकलं आणि काटा आणला. पिशवी अडकवली. सहा किलो चाळीस ग्रॅम.

"चाळीस ग्रॅमनं काय होतंय?" बायको म्हणाली. लेकीनं काट्याच्या आकड्यावर बोट ठेवलं. ती माझीच मुलगी, तिचाही हात हलत नाही.

मी बाजूच्या खिशातून एक डबी काढून टेबलावर ठेवली. पुन्हा वजन. पाच किलो नऊशे ऐंशी.

"हे काय काढलंस?"

"जादाची कवळी. पहिली दगडावर पडून फुटली तर असावी म्हणून घेतली होती. नसली तर नसली. चार दिवस पातळ खाईन."

लेकीनं डबी उघडली, बघितलं, बंद केली. तिची स्वतःची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. तिनं खाली बसून तिच्या आतल्या खिशात ती डबी ठेवली आणि चेन लावली.

"चूल तू घे," ती म्हणाली. "दात माझ्याकडे राहू देत. पहाटे पाचला तयार राहा."

मी तोंडातली कवळी जिभेनं घट्ट बसवली आणि चारचा गजर लावला.