पिऊ नका

रत्नाचं काम असं की दिवसभर ती बोलायची, पण त्यातलं स्वतःचं काहीच नसायचं. टेक्सासमधल्या अर्विंग गावातल्या आपल्या घरात, वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत हेडसेट लावून ती बसायची आणि देशभरातल्या हॉस्पिटलांचे फोन घ्यायची. तिकडे डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, मुलाकडे राहायला आलेले कुणी आजी-आजोबा मराठीत नाहीतर हिंदीत, आणि मधे दुभाषी, म्हणजे इंटरप्रिटर, रत्ना. पेशंट म्हणाला, 'माझ्या छातीत दुखतंय,' की तिनेही इंग्रजीत 'माझ्या छातीत दुखतंय' असंच म्हणायचं. आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, कुणाचा गाळायचा नाही. हा नियम ती इतकी वर्षं मनापासून पाळत आली होती.

जानेवारीत तिचा आवाज बसायला लागला. टेक्सासात त्या दिवसांत सीडरच्या झाडांचे पराग हवेत असतात, त्यांनी तिचं नाक वाहायचं. म्हणून ती रोज ॲलर्जीची गोळी घ्यायची. घरात हीटर अखंड चालू. सकाळी आवाज बरा असायचा, दुपारपर्यंत तो खरखरीत कागद घासल्यासारखा व्हायचा आणि वाक्याच्या शेवटी शेवटी तर नुसती हवाच बाहेर यायची.

सल्ले सगळ्यांकडे होते. नवरा शशिकांत म्हणाला, "हवा ड्राय आहे, ह्युमिडिफायर घे." शेजारच्या सुलभाकाकू आल्याचा रस आणि मध घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "गार पाण्याला हात लावू नकोस. कोमटच पी, तेही घोट घोट." मुलगी इशिता शाळेच्या कॉयरमध्ये गायची. ती वर न बघताच म्हणाली, "जस्ट ड्रिंक मोर वॉटर, आई. अवर टीचर सेज इट ऑल द टाइम." तिघांचंही रत्नाला पटलं. तिने तिघांचंही केलं. टेबलावर पाण्याचा मोठा जग, बाजूला कोमट पाण्याचा थर्मास, पलीकडे ह्युमिडिफायर. आवाज होता तसाच राहिला. भर पडली ती एवढीच, की ऐन फोनच्या मधे बाथरूमला जायची वेळ यायची आणि उठता तर यायचं नाही.

अशातच एका दुपारी तो फोन आला. हृदय अशक्त झालेले एक आजोबा हॉस्पिटलमधून घरी निघाले होते. डॉक्टरबाई त्यांना समजावत होत्या आणि रत्ना त्यांच्या पाठोपाठ मराठीत सांगत होती. पायांवरची सूज, मीठ, रोज सकाळी वजन करणं. मग पाण्याचा विषय निघाला.

"चहा, ताक, आमटी सगळं धरून दिवसाला दीड लिटर," रत्ना म्हणाली. "त्यापेक्षा जास्त पाणी पिऊ नका."

'नका' म्हणताना घसा आतून चिकटल्यासारखा झाला. तिने गिळलं आणि पुढच्या वाक्याची वाट पाहिली.

"बरं," आजोबा म्हणाले. मग जरा थांबून, "बाई, तुमचा घसा बसलाय. थोडं पाणी प्या तुम्ही."

नियम म्हणजे नियम. रत्नाने ते इंग्रजीत सांगितलं, "तुमचा घसा बसलाय, थोडं पाणी प्या."

"माझा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"इंटरप्रिटर खुलासा करतेय," रत्ना घाईने म्हणाली. फोनवरचा 'मी' पेशंटचा नाहीतर डॉक्टरांचा, स्वतःला 'इंटरप्रिटर'च म्हणायचं. "पेशंट इंटरप्रिटरशी बोलताहेत."

डॉक्टरबाई हसल्या, आजोबांना त्या का हसल्या ते कळेना, आणि ते रत्नाला मराठीत सांगावं लागलं. त्यात आणखी वेळ गेला. शेवटी डॉक्टरबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर पाण्याचं काय करायचं?"

"दीड लिटरपेक्षा जास्त प्यायचं," आजोबा खुशीत म्हणाले. "जमेल. मला तहान लागतेच फार."

हे उलटं आहे हे कळूनही रत्नाने जे ऐकलं तेच इंग्रजीत सांगितलं, कारण तेच तिचं काम. डॉक्टरबाई 'नाही, नाही' म्हणायच्या आत तिनेच परवानगी मागितली. "इंटरप्रिटरचा आवाज मधे तुटला असावा. ते वाक्य पुन्हा सांगू का?" आणि या वेळी तिने शेवटी 'नका' येणारं वाक्य धरलंच नाही. "आजोबा, पाणी कमी प्यायचं. दीड लिटरच्या आत. कमी."

"आधी म्हणालात जास्त, आता म्हणता कमी," आजोबांचा आवाज गोंधळलेला होता. "नक्की काय?"

"कमी," रत्ना म्हणाली. ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणून दाखवलं, डॉक्टरबाईंचं समाधान झालं आणि फोन संपला.

रत्ना हेडसेट काढून बसून राहिली. 'नका' आपण म्हटलं होतं का? डोक्यात तर तिने तो शब्द स्वच्छ ऐकला होता. मग तो ओठांतून निघाला नाही, की निघाला आणि फोनपर्यंत पोचला नाही, की आजोबांनाच तहानेपोटी ऐकू आला नाही? इंग्रजीत 'नको' आधी येतं आणि काम पुढे. मराठीत सगळं सांगून झाल्यावर नकार शेवटी, आणि नेमका तिथेच तिचा आवाज दगा देत होता. आतापर्यंतच्या फोनांवर असे किती 'नका' गळले असतील, हा विचार आला तशी ती उठून खाली गेली आणि तिने कंपनीच्या सुपरवायझरला फोन लावला.

सुपरवायझरने शांतपणे ऐकून घेतलं. चूक तिथल्या तिथे दुरुस्त झाली आहे, काळजी नको, पण आवाज सुधारेपर्यंत सुट्टी घ्या, असं तो म्हणाला. तिला वाटलं होतं तो रागावेल. तो रागावला नाही, याने तिला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच अस्वस्थ वाटलं.

दुसऱ्या दिवशी घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा आत घातला आणि पडद्यावर तिला तिचे स्वरतंतू दाखवले. दोन फिकट पट्ट्या, मधे चिकट धाग्यासारखं काहीतरी. "गाठ वगैरे नाही," ते म्हणाले. "कोरडे पडलेत. भरपूर पाणी प्या." आणि त्यांनी तिला आवाजाच्या थेरपिस्टकडे पाठवलं.

कालच तिने एका माणसाला पाणी कमी प्या म्हणून बजावलं होतं. आज तिला भरपूर प्यायला सांगत होते, आणि ती तर आधीच भरपूर पीत होती. घरी आल्यावर तिने आणखी पाणी प्यायला सुरुवात केली आणि आवाजाला विश्रांती म्हणून घरात नुसतं कुजबुजत राहिली. शशिकांतही तिच्याशी नकळत कुजबुजायला लागला. "अरे, तुझा घसा बरा आहे," ती कुजबुजली. "हो की," तोही कुजबुजला. आठवडा गेला. आवाज उलट आणखी उतरला.

थेरपिस्ट डेनिस नावाची पांढऱ्या केसांची बाई होती. रत्नाने काय काय केलं ते तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जातच नाही."

रत्नाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मग जातं कुठे?"

"पोटात. अन्ननलिका वेगळी, श्वासनलिका वेगळी. पाणी स्वरतंतूंना लागलं तर तुम्हाला ठसका लागेल. पोटातलं पाणी आधी सगळ्या अंगाला मिळतं, मग सावकाश त्यांच्या वाट्याला येतं. फोनच्या आधी घटाघटा प्यायल्याने त्या फोनला काही मिळत नाही."

"म्हणजे प्यायचं नाही?"

"प्यायचं. दिवसभर थोडं थोडं. पण वरून ओलावा हवा असेल तर तो श्वासातून जातो. वाफ घ्या."

"आणि कुजबुजणं?"

"बंद करा. त्यात ताण पडतो. हळू बोला, पण बोला."

मग डेनिसने गोळ्यांबद्दल विचारलं. ॲलर्जीची गोळी म्हटल्यावर तिने मान हलवली. जी गोळी नाकाचं पाणी थांबवते, ती घसाही सुकवू शकते. रत्नाला हसावं की रडावं कळेना. गोळी घेतली तर आवाज जातो, नाही घेतली तर फोनवर शिंका. त्यावर डेनिस म्हणाली, गोळी आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरांना विचारा, नाकाचा स्प्रे चालतो का बघा.

डॉक्टरांनी स्प्रे दिला. रत्नाने गोळी थांबवली, सकाळ-संध्याकाळ टॉवेल डोक्यावर घेऊन वाफ घेतली, हीटर थोडा कमी केला. इशिता खालून ओरडून बोलायचं सोडून खोलीत येऊन बोलायला लागली, म्हणजे रत्नालाही जिन्यावरून ओरडायला नको. त्याच दिवसांत एक पाऊस पडून गेला आणि हवेतले परागही कमी झाले. महिनाअखेरीस आवाज परत आला. पूर्वीइतका नाही, पण वाक्याच्या शेवटापर्यंत टिकणारा.

"कशामुळे बरं वाटलं?" शेवटच्या भेटीत डेनिसने विचारलं.

"तेच मला कळत नाहीये," रत्ना म्हणाली. "स्प्रे, वाफ की पाऊस. एकेक बंद करून बघावं असं वाटतं, पण धीर होत नाही."

"मलाही नक्की सांगता येणार नाही," डेनिस म्हणाली. "सगळं चालू ठेवा."

रत्ना कामावर परतली, अर्ध्या दिवसाच्या पाळीने. त्या आजोबांचं पुढे काय झालं, हे विचारायला तिला कुठेच जागा नव्हती. फोन संपला की माणूस संपतो, असंच ते काम आहे. ते नक्की किती पाणी पीत असतील, कमी की जास्त, हा विचार तिला भांडी घासताना, गाडी चालवताना येत राहिला. शशिकांत म्हणाला, "त्यांनी तुझ्यासमोर कमी म्हटलं ना? मग झालं." तिने मान हलवली. 'कमी' म्हणतानाचा त्यांचा आवाज तिला आठवत होता. तो पटलेल्या माणसाचा होता की कंटाळलेल्या, ते तिला अजून ठरवता आलेलं नाही.