डावीकडची हाक

"डावीकडे," मिस्त्री ओरडला, पण घशातून आवाजाऐवजी नुसती हवा बाहेर आली.

घसा आदल्या दिवसापासूनच बसला होता. बायकोने सकाळी गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या होत्या आणि वर, "आज जरा गप्प बसून मॅच बघा, तुमच्या ओरडण्याने काही गोल थांबत नाहीत," असा घरचा आहेरही दिला होता. तिला बिचारीला काय माहीत. गोलाच्या जाळीमागे पहिल्या रांगेत उभं राहून मिस्त्रीने पुन्हा तोंड उघडलं, तोवर पाहुण्या संघाचा एक जण आपल्या कप्तानाच्या डाव्या खांद्यामागून सुटला होता. कप्तान उजवीकडेच बघत उभा. गोलकीपर जिवाच्या आकांताने पुढे धावला, आडवा पडला, आणि चेंडू त्याच्या अंगाखालून जाळीत गेला.

"आंधळा आहेस का रे," मागून कोणीतरी गोलकीपरवर डाफरलं. मग अर्ध्या रिकाम्या गॅलरीने तेच उचलून धरलं.

मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मोसमातली ही शेवटची मॅच होती आणि त्या गोलाने संघ खालच्या लीगमध्ये गेला. गोलकीपर गवतावरून उठला, शर्टाला लागलेली माती झटकली आणि जाळीतला चेंडू काढून आणला. त्याने कप्तानाकडे एकदा पाहिलं.

"तुमचं म्हणणं खरं ठरलं, मिस्त्री," शेजारचा शिंपी म्हणाला. तो आणि मिस्त्री शेजारी शेजारी उभे राहून म्हातारे झाले होते. "संघ मागून बांधायचा. आणि सगळ्यात मागे कोण? हा. पहिली सुट्टी ह्याची."

मिस्त्रीने घशाकडे बोट दाखवलं. बसलेल्या घशाचा त्या दिवशी तेवढाच फायदा झाला.

मिस्त्री बस डेपोत ब्रेकचं काम करायचा. उभी हयात गाड्यांच्या पोटाखाली गेलेली, त्यामुळे इंजिनाच्या गोंगाटावर आवाज चढवून बोलायची सवय. फुटबॉलबद्दल त्याचं एकच शास्त्र होतं आणि ते त्याने डेपोच्या कॅन्टीनपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत दिसेल त्याच्या गळी उतरवलं होतं. संघ हरायला लागला की लोक नवा स्ट्रायकर मागतात. म्हणजे ब्रेक नसलेल्या गाडीला दमदार इंजिन बसवा म्हणण्यातलाच प्रकार. आधी मागची बाजू दुरुस्त करा, पुढचं पुढे बघू. हे शास्त्र ऐकून ऐकून शिंप्याला पाठ झालं होतं, आणि आता तो ते सगळीकडे सांगत सुटला होता.

कप्तान हा मिस्त्रीचा जावई. जावई होण्याआधी मिस्त्रीने त्याचा जेवढा उद्धार केला होता तेवढा साऱ्या गॅलरीने मिळून कोणाचा केला नसेल. "आंधळा आहेस का" ही आरोळी मुळात त्याचीच, ह्याच माणसाला उद्देशून मारलेली. मग एके दिवशी मुलीने त्यालाच घरी आणलं. तो सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला आणि मिस्त्रीने "या, बसा" म्हटल्यावर म्हणाला, "तुमचा आवाज ओळखीचा वाटतोय." मुलगी आणि तिची आई हसून हसून बेजार झाल्या. तेव्हापासून मैदानात 'तू' आणि घरात 'तुम्ही' असा मिस्त्रीचा शिरस्ता पडला. हळूहळू त्या पोरावर त्याचा जीव जडला, आणि तो किती जडलाय ते त्याला ह्या हिवाळ्यात कळलं.

हिवाळ्यात सरावाच्या वेळी अगदी जवळून मारलेला चेंडू जावयाच्या डाव्या डोळ्यावर बसला. सूज उतरली. क्लबात डॉक्टर म्हणून जो होता तो बर्फ लावून मोकळा झाला. पण डाव्या अंगाचं दिसेना, तेव्हा जावयाने बायकोला न सांगता सासऱ्याला गाठलं. दोघं दुसऱ्या गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. ती बाजू आता परत येणार नाही, आणि त्याच डोळ्यावर आणखी एक तडाखा बसला तर उरलंसुरलंही जाईल.

परत येताना बसमध्ये जावई म्हणाला, "मोसम संपेपर्यंत कोणाला सांगू नका. तिलाही नाही." मिस्त्रीने मान डोलावली. पुढे त्याने स्वतःला पुष्कळ समजावलं की आपण हे मुलीच्या संसारासाठी केलं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या डोक्यात कप्तानाशिवाय संघाचं कसं होणार हाच विचार होता. एवढा शहाणासुरता माणूस, पण संघाचं नाव निघालं की त्याची अक्कल गहाण पडायची.

तेव्हापासून मिस्त्री आपल्या गोलामागे उभा राहायचा. हाफटाईमला संघ बाजू बदलायचे, की हासुद्धा मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायचा. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला शकुनाचं वेड लागलंय. तो म्हणायचा, हो लागलंय. आणि डावीकडून कोणी सुटला की त्याची हाक जायची. जावई वळून बघायचा नाही, नुसता डावीकडे सरकायचा. पुष्कळदा वेळेवर सरकायचा. जेव्हा नाही सरकायचा, तेव्हा शिव्या गोलकीपरला बसायच्या.

शेवटच्या मॅचनंतर संध्याकाळी मिस्त्री मुलीकडे गेला. तिने चहा आणून ठेवला. जावयाने हात पुढे केला तो डाव्या बाजूच्या कपाला लागला, आणि चहा टेबलावरून खाली ओघळला. मुलगी फडकं आणायला आत गेली.

"रविवारी सभा आहे," जावई हळू आवाजात म्हणाला. "नवा कोच लोकांना विचारणार आहे. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं. गॅलरीतर्फे तुम्ही बोलणार ना?"

"शिंपी बोलेल. माझा घसा बसलाय."

"तो गोलकीपरचं नाव घेणार आहे. तुम्ही फक्त नाही म्हणू नका, म्हणजे झालं."

"त्याची काय चूक, जावईबापू?"

"काही नाही. मला कळतं ते." जावयाने सांडलेल्या चहाकडे पाहिलं. "पण त्याला दुसरीकडे जागा मिळेल, बाबा. मला अशा डोळ्याने कोण घेणार? एक वर्ष द्या. मग मी होऊन सोडतो."

"आणि पुन्हा चेंडू त्याच डोळ्यावर बसला तर?"

"तुम्ही आहात ना मागे. तुमचा आवाज आला की मला दिसतं."

मुलगी फडकं घेऊन आली. "काय कुजबुज चाललीय सासरे-जावयांची?"

"डावपेच," जावई म्हणाला.

"डावपेच राहू देत. ह्यांना चष्मा लागलाय बाबा, माझं ऐकत नाहीत. दर दोन दिवसांनी दाराच्या चौकटीला खांदा घासून येतात." तिने टेबल पुसलं आणि वडिलांच्या समोर बसली. "रविवारी तुम्ही ह्यांच्या बाजूने बोला हां. हल्ली नीट झोपतसुद्धा नाहीत. तुमचं सगळे ऐकतात."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी मिस्त्रीची गत झाली. पुढचे दिवस डेपोत त्याचं लक्ष लागेना. ब्रेकचं झिजलेलं लायनर त्याने आयुष्यात कधी 'चालतंय की' म्हणून गाडीला परत बसवलं नव्हतं. तसं करणाऱ्याला त्याने दोनदा सगळ्यांसमोर झापलं होतं. आता तो स्वतः काय करत होता हे त्याला गाडीखाली उताणं पडल्या पडल्या आठवायचं, आणि हातातला पाना तसाच राहायचा.

रविवारी क्लबाचा हॉल भरला. मॅचला येत नाहीत एवढे लोक सभेला आले होते. खेळाडू भिंतीलगत ओळीने बसले होते, कप्तान पहिला. मधल्या वाटेच्या एका अंगाला घडीच्या खुर्च्यांची चळत लावून ठेवली होती. मुलगी दाराशी उभी होती. गोलकीपर शेवटच्या रांगेत बॅग मांडीवर घेऊन बसला होता. निघायची तयारी करूनच आल्यासारखा तो दिसत होता.

नवा कोच बुटका आणि हळू बोलणारा होता. "मी नवीन आहे," तो म्हणाला. "तुम्ही वर्षानुवर्षं बघताय. सगळं नव्याने बांधायचं असेल तर आधी हात कुठे घालू, ते मला सांगा."

मग काय, लोकांना तेवढंच हवं होतं. एकाने परदेशी स्ट्रायकर मागितला. एक जण म्हणाला, सगळ्यांना काढा आणि शाळेतली पोरं घ्या, ती फुकट धावतील. कोणी मैदानाच्या गवताला दोष दिला. शेवटी शिंपी उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आमचे मिस्त्री सांगतात तेच खरं. ब्रेक नसेल तर इंजिन बदलून उपयोग नाही. मागून सुरुवात करा. गोलकीपर बदला."

टाळ्या पडल्या. गोलकीपर मान खाली घालून बॅगेची चेन उघडत होता, लावत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि दोर वळणारे आपण, असं मिस्त्रीच्या मनात आलं.

"मिस्त्री कोण?" कोचने विचारलं. लोकांनी बोटं दाखवली. "तुम्हालाच भेटायचं होतं. मी ह्या मोसमातल्या सगळ्या मॅचचं रेकॉर्डिंग बघितलं. त्यात सारखा एक आवाज येतो. 'डावीकडे.' तो तुमचा ना?"

हॉलमध्ये हशा पिकला. "म्हाताऱ्याचा शकुन आहे तो," शिंपी म्हणाला.

कोच हसला नाही. "शेवटच्या मॅचला तो आवाज नव्हता. मला एवढंच विचारायचंय, तुम्ही कोणासाठी ओरडता?"

शकुन आहे म्हटलं असतं तर भागलं असतं. सगळ्यांनी मान डोलावली असती आणि सभा पुढे गेली असती. मिस्त्रीने जावयाकडे पाहिलं. जावयाने डोकं पूर्ण वळवून त्याच्याकडे नजर लावली होती, कारण तसं वळवल्याशिवाय त्याला सासरा दिसलाच नसता. दाराशी मुलगी ओठ दाबून उभी होती. मागच्या रांगेतला चेनचा आवाज थांबला होता.

मिस्त्री उठला.

"कप्तानासाठी," तो म्हणाला. घसा अजून पुरता सुटला नव्हता. "त्यांना डावीकडचं दिसत नाही. हिवाळ्यात चेंडू लागला तेव्हापासून. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो होतो. पुन्हा लागला तर तो डोळा जाईल, हेही मला माहीत होतं. ह्या गोलकीपरने खाल्लेले पुष्कळसे गोल त्याचे नाहीत. आम्हा दोघांचे आहेत."

कप्तानाला त्याने सगळ्यांसमोर 'त्यांना' म्हटलेलं गॅलरीने पहिल्यांदाच ऐकलं. शिंपी सावकाश खाली बसला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?" मुलीने दारातून विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक होता, पण तो हॉलभर ऐकू गेला. मिस्त्रीने होकारार्थी मान हलवली. एवढ्या दिवसांत त्याला सगळ्यात जास्त भीती ह्याच प्रश्नाची वाटत आली होती.

"खरं आहे ते," जावई कोचला म्हणाला आणि उठला. तो सासऱ्याकडे न बघता मधल्या वाटेने दाराकडे निघाला. सरळ चालत होता, ताठ, आणि त्याच्या डाव्या अंगाला खुर्च्यांची चळत होती. लोक श्वास रोखून बघत होते.

"डावीकडे," मिस्त्री म्हणाला. त्याला म्हणायचं नव्हतं, ते निघून गेलं.

जावयाने वळून पाहिलं नाही. फक्त एक पाऊल उजवीकडे घेतलं आणि तो चळतीशेजारून निघून गेला. त्यानंतर कोचने कोणाला काही विचारलं नाही.

गोलकीपरने बॅग खांद्याला लावली. मिस्त्रीजवळून जाताना तो क्षणभर थांबला.

"मला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "मीपण हाका मारायचो. तुमच्या आवाजापुढे माझा पोचायचा नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कप्तान आपण होऊन सांगेल असं वाटायचं."

तो भराभर चालत पुढे गेला आणि जावयाला दारात गाठून त्याच्या डाव्या अंगाला झाला. उजवीकडे मुलगी होती. तिने नवऱ्याचा दंड धरला होता. बापाकडे तिने पाहिलं नाही, आणि पाहील अशी मिस्त्रीची अपेक्षाही नव्हती. हॉलच्या बाहेर दोन पायऱ्या होत्या. त्या येताना मिस्त्रीच्या ध्यानात आल्या होत्या, आणि त्याने सवयीने श्वास भरून घेतला.

"पायरी आहे," बाहेरून गोलकीपरचा आवाज आला.

मिस्त्रीने घेतलेला श्वास तसाच सोडला आणि तो खुर्चीत बसला.