आठ मिलिमीटर कापूर

ग्वेईने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. प्लायवूडची उघडी कड होती ती. मधल्या दोन थरांत पोकळी, एका थराला काळी बुरशी, आणि भोकांत दादाने लांबी चोपडलेली. किडक्या दाढेत कणीक भरावी तशी. वर त्या स्वस्त गोंदाचा डोळ्यांत झोंबणारा वास.

आणि हे टेबल कुणासाठी? बापासाठी. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. उद्या सकाळी नऊ वाजता त्याच्या नावाची पाटी याच टेबलावर, पितरांच्या रांगेत बसायची होती. ज्या माणसाने अख्ख्या लुगांग गावाला जन्मभर देवांची टेबलं करून दिली, त्याच्या नशिबी हे.

बापाने स्वतःच्या टेबलासाठी कापराच्या लाकडाची एक फळी माळ्यावर वीस वर्षं जपून ठेवली होती. तिच्यावर कुणी ओली छत्री ठेवली तर घर डोक्यावर घ्यायचा. शुन-फा दादाने ती तीन महिन्यांत एका चहावाल्याला विकून टाकली. आता तिच्यावर कोण कोण चहा सांडतं. उरल्या त्या कडेच्या चार-पाच पट्ट्या, आठ मिलिमीटर जाड. त्याच या प्लायवूडला चिकटवायच्या, म्हणजे पाहुण्यांना अखंड लाकूड वाटेल. बाजूचे कोपरे दादाला जुळेनात, म्हणून त्याने ग्वेईला ताइचुंग शहरातल्या कारखान्यातून बोलावून घेतलं होतं. तुझा हात बारीक आहे म्हणे. कामाला बोलवायचं असलं की सगळ्यांना हिचा हात आठवतो.

समोरची पट्टी त्याने आदल्या दिवशीच चिकटवलेली. ग्वेई खाली वाकली. लाकडातल्या रेषा ज्योतीसारख्या निमुळत्या होत गेलेल्या, आणि ज्योतीचं टोक नेहमी शेंड्याकडे असतं. इथे टोकं ड्रॅगनच्या बाजूला, देवाच्या डाव्या हाताला गेली होती. तिथे बुंधा हवा; शेंडा पलीकडे, देवाच्या उजव्या हाताला, वाघाच्या बाजूला. उभं लाकूड असेल तर बुंधा खाली, आडवं असेल तर ड्रॅगनकडे. बापाने एका देवळाचं तयार टेबल एवढ्यासाठी खोललं होतं, आणि तेही एका पट्टीसाठी.

"दादा, पट्टी उलटी लावलीयस. बुंधा वाघाकडे गेलाय."

दादाने गालातली सुपारी इकडची तिकडे केली. "आत प्लायवूड आहे, आ-ग्वेई. त्याला कुठला आलाय बुंधा न् शेंडा?"

"प्लायवूडला नाही. पट्टीला आहे."

"मग जा, बाबांना सांग." आणि तो भुश्शाने भरलेल्या कागदी कपात पचकन थुंकला. लाल धागा हनुवटीवर लोंबत राहिला.

ग्वेई सरळ झाली. पटाशी घेतली आणि पट्टीखाली घातली. दादा ओरडला, पूर्ण लांबीची आता एकच पट्टी उरलीय, मोडली तर उद्या उघड्या कडेवर बाप बसवशील का? ती ऐकत होती, पण हात थांबला नाही. चिकटवलेली पट्टी चिरफाळत निघाली, प्लायवूडची सालही सोबत घेऊन आली. आतली घाण पुन्हा तोंड वासून बाहेर.

शेवटची पट्टी तिने रंधली, बुंध्याकडून शेंड्याकडे. कापराचा वास उठला. बापाच्या बनियनला यायचा तोच. मग त्यात गोंदाचा वास मिसळला आणि तिला रंधा फेकून द्यावासा वाटला. तरी कोपरे जुळवले. असे जुळले की फट शोधायला नख अपुरं पडावं. शिकंजे आवळताना तिला कळलं, दादाचं खोटं कच्चं होतं, तिने ते पक्कं केलं. स्वतःच्याच बोटांची शिसारी आली.

सकाळी पपनसं, लाल पेढे, उदबत्त्या, सगळे नातेवाईक. मोठे काका आले, बापाचे थोरले भाऊ, तेही सुतारच. त्यांनी टेबल ठोकलं, कान लावला आणि मोठ्याने म्हणाले, "अखंड लाकूड. माझ्या भावाचीच फळी."

ग्वेईला राहवलं नाही. "काका, हे प्लायवूड आहे. लाकूड फक्त कडेला आठ मिलिमीटर."

काकूने उगाच पपनसं सरळ केली. दादा उदबत्तीकडे बघत राहिला. काका तिच्या कानाशी आले आणि हळू म्हणाले, "पोरी, साठ वर्षं लाकूड ठोकतोय. मला आवाज कळत नाही असं वाटलं तुला?"

"मग खोटं कशाला बोललात?"

"लोक ऐकतायत म्हणून. वेळ चाललीय, पाटी आणू दे तुझ्या दादाला."

दादाने पाटी ठेवली. काकांनी समोरच्या कडेवरून बोट फिरवलं, ड्रॅगनच्या बाजूला थांबले, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "हे मात्र बरोबर लावलंय. बुंधा जागेवर आहे. कुणी केलं?"

"मी," दादा म्हणाला. दात लालभडक.

काकांनी ग्वेईच्या हातांकडे पाहिलं. नखांत गोंद वाळून पांढरा झालेला. मग दादाच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, शाब्बास, बापाचं नाव राखलंस.

ग्वेईने उदबत्ती खोचली. तीनदा वाकली, पाटीसमोर आणि त्या पट्टीसमोर. नंतर मागच्या दाराने घरच्या सुतारखान्यात गेली, दादाचा तो भुश्शाचा कप उचलला, आणि त्यात थुंकली.