माजलगावला गेलेला पिन

आमच्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. नाव सटवा, काम शेरडं राखणं, आणि स्वभाव असा की शेजाऱ्याला आगपेटी दिली तर आतल्या काड्या मोजून देतील. अशा माणसाच्या खात्यातून मला अडीच हजार रुपये भरायचे होते, तेही त्याच दिवशी, संध्याकाळी सहाच्या आत.

मी तेलगावात ब्लाउज शिवते. गेल्या दोन वर्षांत नवरीचे ब्लाउज माझ्या हातून सुटले, कारण आता सगळ्यांना त्यावर आरी वर्कचं भरतकाम पाहिजे आणि मला ते येत नाही. चौसाळ्याची तेजश्री लग्न होऊन पुण्याला गेली, ती मोबाइलवर आरी वर्कचा क्लास घेते. फी ऑनलाइनच भरायची. आज शेवटचा दिवस. पुढची बॅच संक्रांतीनंतर, म्हणजे तोवर निम्मी लग्नसराई उरकलेली.

मोबाइल माझ्याकडेही होता, पण मी त्यावर डिझाइनचे व्हिडिओ बघायचे. पैसे भरायची सोय घरात एकट्या मामांकडे. माझ्या शिवणाचे पैसेसुद्धा त्यांच्याच खात्यात जायचे. माझं स्वतःचं खातं होतं, लग्नानंतर कुठल्याशा योजनेसाठी उघडलेलं, पण त्याचं पासबुक आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, ट्रंकेत नव्यासारखं कोरं पडलं होतं. माझा नवरा रामेश्वर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, तो दिवसभर घरी नसतो.

अडचण अशी की मामांचा फोन आठ दिवसांपासून ज्वारीच्या कोठीत पुरलेला होता. गल्लीतल्या हनुमाननं बैलाचे पैसे घ्यायचे म्हणून कुणाच्या सांगण्यावरून फोनवर पिन दाबला आणि खात्यातलेच पैसे गेले, तेव्हापासून मामांनी फोनचा धसका घेतला, असं आम्ही समजत होतो. कुणाचा फोन आला की ज्वारीतून आवाज यायचा आणि आत्याबाई सुपानं ज्वारी बाजूला सारून बोलायच्या, रात्री चार्ज करून पुन्हा पुरायच्या.

"मामा, आज तेवढा फोन बाहेर काढा," मी म्हणाले.

"न्हाई काढायचा. हनुमानचं काय झालं ठावं न्हाई का?"

"हनुमानभावजींनी पैसे घ्यायला पिन टाकला. घ्यायला पिन लागतच न्हाई. आपल्याला तर द्यायचेत."

"द्यायचेत म्हणून तर जास्त भ्या वाटतंय," मामा म्हणाले आणि शेरडांच्या पाण्याकडे बघायला उठले.

अकरा वाजता माझ्या मोबाइलवर मेसेज आला. वर तेजश्रीचा फोटो. लिहिलं होतं, आज खास सवलत, बारा वाजेपर्यंत भरल्यास फी फक्त पंधराशे, खालच्या लिंकवर कार्डचा नंबर टाका. मला काय वाटलं असेल ते बाईमाणसानंच समजून घ्यावं. हजार रुपये वाचत होते आणि घड्याळ पळत होतं. मी तशीच गोठ्यात गेले.

"मामा, बारापर्यंत भरलं तर पंधराशेत होतंय. फोन नगं तर तुमचं कार्ड द्या."

मामांच्या हातातली बादली खाली आली. "सकाळी अडीच हजाराची गाय दुपारी पंधराशेला? कावून?"

"सवलत हाय."

"मी पन्नास वर्सं बाजार करतोय. जनावर अचानक स्वस्त झालं की मी आधी त्याचे दात बघतो. त्या पोरीला फोन लाव."

मला राग आला. पण मेसेज आलेला नंबर न लावता मी आधीपासून जतन केलेला, तेजश्रीच्या आईनं दिलेला नंबर लावला. एवढी अक्कल मला होती, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं श्रेय मामाच घेतात. फोन मामांनी हिसकावला.

"चौसाळ्याची का तू? कुणाची? बरं. तुमच्या घरी शेरडं हायेत का?"

पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण मामा बराच वेळ तिच्या आजोबांच्या बोकडाबद्दल बोलत होते. मी खाणाखुणा करून थकले. शेवटी त्यांनी सवलतीचं विचारलं. तेजश्री म्हणाली, मी असा काही मेसेज पाठवला नाही, माझा फोटो लावून कुणीतरी पाठवतंय, सकाळपासून तुम्ही तिसरे.

मी गोठ्यातल्या दगडावर बसले. कार्ड हातात असतं तर मी नंबर टाकून मोकळी झाले असते. हनुमानभावजींना हसले होते ना, ते सगळं हसू माझ्यावरच उलटलं.

"आता तुमच्या फोनवरनं खऱ्या नंबराला भरू," मी म्हणाले. "आता तर दात बघून झाले."

मामा इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "पिन न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"पिन चांदीच्या कानात हाय."

चांदी म्हणजे आमची काळी शेळी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिच्या कानात सरकारी डॉक्टरांनी टोचलेला पिवळा बिल्ला होता, त्यावर लांबलचक नंबर. मामांनी पिन ठेवताना त्यातले शेवटचे चार आकडे घेतले होते. विसरायची भीती नाही, चांदीला हाक मारायची, कान धरायचा आणि वाचायचा. दोन वर्षं आमच्या घराचा पिन गावभर चरत हिंडत होता.

"आणि चांदी..." मी म्हणाले.

"गेल्या बाजारी इकली. माजलगावच्या गिऱ्हाइकानं नेली."

मग सगळं उलगडलं. हनुमानचं निमित्त होतं. शेळीबरोबर पिनही विकला, हे मामांच्या ध्यानात घरी परतल्यावर आलं, म्हणून फोन ज्वारीत. माजलगावचा तो माणूस चांदीचा कान धरून आपलं खातं रिकामं करील, या घोरानं त्यांना जेवण जात नव्हतं. नुसत्या आकड्यांनी काही होत नाही, त्याला तुमचा फोनही लागेल, असं मी समजावलं तेव्हा त्यांनी आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. पण आकडे त्यांनाही आठवत नव्हते, आणि कार्डाचा पिनही त्यांनी तोच ठेवला होता, म्हणजे पैसे भरायचा रस्ता बंदच. माझा क्लास गेला असं वाटून मला रडू यायला लागलं. मी ते लपवलंही नाही.

मामा कान खाजवत उभे होते. मग म्हणाले, "मी बाजारला किती शेरडं नेतो?"

"इकायची तेवढीच."

"शेरडांचं सगळं खांड नेत न्हाई. चोर आला, लांडगा आला, तर दोन जातील. घरची तर ऱ्हातील. मग ह्या फोनला मी सगळं खातं कावून बांधलं? येडाच की मी." त्यांनी आत आत्याबाईंना हाक मारली. "कडू, ट्रंक उघड. हिचं पासबुक काढ."

आत्याबाई किल्ली कमरेची सोडत म्हणाल्या, "रिकामं तर हाय त्ये."

"रिकामंच पायजे."

दोन वाजता आम्ही बँकेत होतो. मामांनी स्लिप भरून तीन हजार माझ्या खात्यात टाकले. साहेबांना त्यांनी दोनदा बजावलं, जास्त जाऊ देऊ नका. बँकेच्या पायरीवर बसून मी ॲप टाकलं आणि आधार, ओटीपी सगळं स्वतः केलं. पिन ठेवायची वेळ आली तेव्हा मामांनी मान पुढे केली. मी मोबाइल पदराखाली घेतला.

"कंचा ठेवला?"

"सांगायचा नसतो मामा."

"कुठल्या शेळीचा तरी हाय का?"

"न्हाई."

आधी एक रुपया पाठवायला लावला त्यांनी. तेजश्रीचं नाव आलं, तिनं फोन करून पोचल्याचं सांगितलं, मग बाकीचे. पावणेचार वाजले होते. मामा वाटेत भेटेल त्याला सांगत आले की सुनेला ऑनलाइन भरायचं मी शिकवलं.

रामेश्वर घरी आला, त्याला सगळं कळलं. जेवताना सहज म्हणाला, "पिन काय ठेवलाय गं? माज्याही मोबाइलात लिहून ठेवतो."

मी ताटातली भाजी सारखी करत राहिले. नऊ वर्षांत या घरातली एकही किल्ली माझ्याकडे नव्हती. ट्रंकेची आत्याबाईंकडे, गोठ्याची मामांकडे, गाडीची याच्याकडे. नाही म्हणायची मला सवय नव्हती.

"तिला इचारू नगं," मामा म्हणाले. "तिचं हाय त्ये." मग भाकरी मोडत हळूच पुढे म्हणाले, "मलाबी न्हाई सांगितलं तिनं."