पाटापलीकडचे भुंगे

भिंगरीने तायडीच्या बादलीचं झाकण उघडलं, श्वास रोखला आणि चहाची जुनी गाळणी थेट आत बुडवली. आंबलेल्या उसाच्या पाण्यातून गाळणी वर आली तेव्हा तिच्यात लांब सोंडेचे तांबूस भुंगे होते, मेलेले, चांगले गलेलठ्ठ. तिने ते डब्यात ओतले आणि तायडीच्या बाकीच्या बादल्याही तशाच उपसल्या.

बागेच्या मधून पाट जात होता. अलीकडच्या नारळांमधले सापळे भिंगरीचे, पलीकडचे तायडीचे, अशी वाटणी बाबांनीच केली होती. तायडी म्हणजे भिंगरीची चुलतबहीण. शाळेसाठी त्यांच्याकडे राहायला आली आणि बघता बघता बाबांचा उजवा हात होऊन बसली. सापळा म्हणजे भोकं पाडलेली बादली, आत उसाचे तुकडे, झाकणाखाली वासाची पुडी. वासाला भुलून माड पोखरणारा सोंड्या भुंगा आत पडायचा. तायडीकडे रोज पडायचा. भिंगरीकडे फक्त चिलटं.

"तायडे, कमाल केलीस," बाबा काल जेवताना म्हणाले होते.

भिंगरीला ते पटेना. ऊस तोच, पुडी तीच. शिवाय भुंग्यांना चढायला बादलीभोवती गोणपाट कुणी नीट गुंडाळलं होतं? तिने. तायडीचं तर लोंबत होतं, एखाद्याचा लेंगा सुटावा तसं.

डबा घेऊन ती पाटावरच्या फळीवरून अलीकडे आली आणि सगळे भुंगे आपल्या बादलीत ओतले.

थोड्या वेळाने बाबा आणि तायडी फेरीला आले. भिंगरीने झाकण असं उघडलं, जसं काही आत लाडू होते.

"बघा."

बाबांनी पाहिलं. शाबासकी आली नाही. त्यांनी काडीने भुंगे हलवले, मग मान वर करून जवळच्या माडाचा शेंडा बराच वेळ न्याहाळला.

"इकडेही आले तर."

"पण पकडले ना मी? तिच्यापेक्षा जास्त."

"अगं, पकडलेले दिसतात. न पकडलेले खोडात असतात." बाबा तायडीकडे वळले. "तायडे, तुझ्याकडे?"

"आज एकही नाही, काका." तायडीच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"मग तिकडचं औषध थांबवू. उरलंय तेवढं आज इथल्याच खोडांत देऊन टाकतो. गिरमिट आण."

तायडी धावत जाऊन खोडाला भोक पाडायचं गिरमिट घेऊन आली. बाबांनी खोडावर बोटाने जागा चाचपली, खडूने खूण केली. भिंगरीने हे माड रोपं असल्यापासून पाहिले होते. गिरमिटाचं टोक खुणेवर टेकणार, तेवढ्यात तिने तिथे तळहात ठेवला.

"इथे नको."

"बाजूला हो. लागेल."

"इथे काही नाहीये, बाबा. ते पलीकडचे आहेत. मी आणले. गाळणीने."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी औषधाचा कॅन उचलला आणि फळीवरून पलीकडे निघून गेले.

तायडी तिथेच उभी होती. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"मला देऊन टाकायचेस ना तुझे सापळे," ती म्हणाली. "रोज झाकण उघडताना मी मनात म्हणायचे, आज एकही नको. आणि तू इकडे शिट्ट्या मारत फिरायचीस. मला वाटायचं, काकांनी चांगली झाडं आपल्या पोरीला ठेवली."

आपला कुणी हेवा करत असेल, हे भिंगरीच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पलीकडे गिरमिट फिरू लागलं. खोडातून ओला, काळपट भुसा बाहेर पडला.

"दोघी या," बाबांची हाक आली. "हात लागतील."

दोघी पाटापर्यंत धावल्या आणि थांबल्या. फळी एका वेळी एकीलाच पुरणारी होती.

"जा," भिंगरी म्हणाली.

"तू जा."

"तू थोरली."

"अगं, कुणीतरी या," बाबा म्हणाले.