घंटेचा हूक

माझ्या सासूबाईंचं, भागीरथाबाईंचं, सोवळं हिवरखेडात प्रसिद्ध आहे. त्या आधी नळाला आंघोळ घालतात आणि मग स्वतः करतात, असं गल्लीत म्हणतात. देवघरात त्यांच्याशिवाय कोणी जायचं नाही. पाळीच्या चार दिवसांत तर मी देवघराच्या भिंतीलाही टेकायचं नाही. शाळेत मी सहावीच्या पोरांना विज्ञान शिकवते आणि घरी येऊन भिंतीपासून हातभर लांब बसते. अकरा वर्षं झाली. वाद घालायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

माझ्या किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन नऊ होतं, एकच्या आसपास हवं असतं ते. पाय सुजायचे, जेवण जायचं नाही, आणि मी ॲसिडिटीच्या गोळ्या खात होते. अकोल्याच्या जठारपेठेतल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, या किडन्या आता सुधारणार नाहीत, त्यांचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं. कोणाची किडनी मिळाली तर उत्तम. माझ्या आईला साखरेचा आजार, कुलदीपचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, रक्तगट जुळेना. यादीत नाव घातलं. तोवर डायलिसिस. मशीनवर करायचं तर आठवड्यातून तीनदा अकोला, म्हणजे शाळा सुटलीच. घरी करायचं तर पोटात नळी बसवायची, तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी काढायचं. रक्तातली घाण त्याच्याबरोबर निघते. दिवसातून चार वेळा, रोज. मला शाळा सोडायची नव्हती. मी पोट निवडलं.

"पण स्वच्छता पाळा," डॉक्टर म्हणाले. "पोटात इन्फेक्शन झालं तर नळी काढून मशीनवरच यावं लागेल."

घट्ट लागणारं दार, साफ फरशी, धूळ नाही, अशी खोली हवी होती. दवाखान्यातून आलेल्या नर्सने सगळं घर पाहिलं आणि देवघरावर बोट ठेवलं. शेवटी सासूबाईंनी देवापुढची घंटा उतरवली आणि तिच्या हुकाला पिशवी टांगू दिली.

हात कोपरापर्यंत धुवा, कशाला शिवू नका, तोंड बांधा. नर्स जे शिकवत होती ते या बाईला जन्मभर येत होतं. "नखाखाली कोन धुईन? मास्तरीन हायेस न?" असं मला रोज ऐकावं लागे. निघालेल्या पाण्याच्या पिशवीमागे त्या पेपर धरायच्या. अक्षरं वाचता आली की पाणी साफ. दोन महिने अक्षरं वाचता आली, आणि मी दोन महिने शाळेत गेले.

तिसऱ्या महिन्यात पाळी आली. आजारात ती थांबली होती, मी विसरूनही गेले होते. सकाळी सहाची पिशवी घेतली आणि कोणाला न विचारता मागच्या खोलीत गेले. तिथे तुरीची पोती, वर छताची टिनं, कोपऱ्यात उंदरांचं बीळ. खुंटीला पिशवी अडकवली, मास्क बांधला. मला इन्फेक्शनची फार भीती वाटत होती, पण भांडणाची त्याहून जास्त.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अथी काहून बसली वो?"

"आई, पाळी आली मले."

त्यांनी पोत्यांकडे पाहिलं. मग वर टिनांकडे.

"कशालेच हात नोको लावू," म्हणाल्या आणि गेल्या.

देवघरातून भांड्यांचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं तर विठ्ठल, रखुमाई, बाळकृष्ण, टाक, सगळे एका परातीत. परात उचलून त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. रिकाम्या देव्हाऱ्याखालची फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती.

"आई, चारच दिवसांचं तर हाये."

"चार दिवसासाठी कोन हलवते त्यायले? आता तथीच राह्यतीन. देवाले थोडीच इन्फेक्शन होते."

मी पुन्हा हात धुतले आणि पिशवी हुकाला टांगली. भिंतीपासून हातभर अंतर सोडून चटईवर बसले. दार ओढून घेता घेता सासूबाई थांबल्या.

"तशी काहून बसली? पाठीले कळ लागन. टेक भिंतीले."